चार आवाज आणि तीनचा भोंगा

आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये जो दोन वर्षं टिकला त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असं होतच नाही. अकरा माणसं एका खोलीत बसवायची. त्यांचे चार गट करायचे. चारी गटांना वेगळ्या चाली द्यायच्या. भाषा द्यायची लॅटिन, जी त्यातल्या एकालाही येत नाही. आणि वर सांगायचं की पेटी नाही, तबला नाही, कीबोर्ड नाही. नुसत्या गळ्यांनी एकमेकांना धरून पलीकडच्या टोकाला पोचा. यातून काही ना काही सांडणारच. सांडलेलं आम्ही पुसत नाही, वर्षानुवर्षं सांगत बसतो.

मी सांगतेय ते पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराचं. आम्ही सुरतेत पांडेसऱ्याला राहायचो. चर्च लहानच होतं, पुढे पत्र्याची शेड वाढवलेली. येणारे बहुतेक नगर-नाशिककडचे मराठी कॅथलिक, मिलमध्ये आणि मागावर काम करणारे. काही गुजराती, काही मल्याळी नर्स. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. क्वायरमध्ये सोप्रानो, म्हणजे सगळ्यात वरचा आवाज. आणि जगातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना काहीच कळत नाही, याची मला तेव्हा खात्री होती.

क्वायर चालवायचे शांतवन मास्तर. हे शाळेचे मास्तर नव्हेत. हे जॉबर, म्हणजे माग बिघडला की पाना घेऊन धावणारा माणूस. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेली. पण लहानपणी नगर जिल्ह्यातल्या बोर्डिंगात एका परदेशी फादरांनी त्यांच्याकडून हे गाणं घोटून घेतलं होतं. चारशे वर्षांपूर्वीच्या इटलीतली चार आवाजांची रचना. मास्तरांनी ती देवनागरीत डो-रे-मी करून चार वह्यांत उतरवलेली. एका वहीत एकच आवाज. मास्तरांनी गावही सोडलं आणि नोकरीही संपली, पण वह्या सुटल्या नाहीत.

*

ही रचना आम्ही वर्षातून एकदाच गायचो, गुड फ्रायडेला. गुरुवारच्या संध्याकाळपासून चर्चमध्ये घंटा वाजत नाही आणि वाद्यही वाजत नाही. शुक्रवारी दुपारी तीनला उपासना सुरू होते. पुढे पाऊण तासानं लोक क्रुसाचं चुंबन घ्यायला रांगेनं येतात आणि ती रांग संपेपर्यंत आम्ही गातो.

आता वाद्य नाही, तर सुरुवातीचा सूर कुठून घ्यायचा? मास्तर तो भोंग्यावरून घ्यायचे.

जवळच्या एका मिलचा पाळी सुटल्याचा भोंगा बरोबर तीनला व्हायचा. तो वर चढून एका जागी स्थिर झाला की मास्तर त्याच्याखाली तीन पायऱ्या मोजून सूर पकडायचे आणि तोंडात धरून ठेवायचे. पाऊण तास! वाचन व्हायचं, प्रवचन व्हायचं, प्रार्थना व्हायच्या. सगळे 'आमेन' म्हणायचे, मास्तर नाही. आमेन म्हटलं तर सूर सांडेल ना. नव्या माणसाला वाटायचं, क्वायर मास्तर रुसलेत.

त्या वर्षी पवित्र आठवड्यातच मिलनं भोंगा बदलला. नवा विजेवरचा, जुन्यापेक्षा चांगलाच खाली बोलणारा. मास्तरांनी त्याच्याखाली तीन पायऱ्या मोजल्या आणि पाऊण तास जिवापाड जपून चुकीचा सूर सांभाळला.

आम्ही सुरुवातच तळघरातून केली. त्यात वाद्य नसलं की गाणारे आपोआप आणखी खाली घसरतात. बेसचे तिघे, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, उतरत गेले, उतरत गेले, आणि मग एकेक करून गप्प झाले. त्यांच्या मागून त्यांच्या वरचा टेनर थांबला, मग त्याच्या वरची ऑल्टो, मग आम्ही. रांगेतली माणसं मागे वळून बघायला लागली. दोन पोरी हसल्या. बेसचे दानियलकाका नंतर म्हणाले, "आणखी खाली जायचं तर फरशी खोदावी लागली असती."

आमचे फादर नवे होते, तरुण, गुजराती. मराठी सगळं कळायचं, बोलताना हिंदीवर यायचे. वाईट माणूस नव्हता. उपासनेनंतर त्यांनी शांतपणे सांगितलं की गाण्याला आधार म्हणून हलकं वाद्य नियमात बसतं. कीबोर्डवाली मुलं तयार आहेत. तरी एक वर्ष आणखी बघू.

"पर मास्तर, अगले साल बीच में रुक गए, तो फिर हर साल कीबोर्ड."

मास्तरांनी मान हलवली. कीबोर्ड आला की त्यांच्या हाताला काम उरणार नव्हतं, आणि त्या वह्यांनाही. हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. मीच पुढे होऊन बोलले, "नाही थांबणार, फादर. मी सांगते ना."

मला कुणी विचारलं नव्हतं.

*

पहिलं काम मी ठरवलं ते चारी वह्या एकत्र करायचं. कोण कुठे उचलतंय हे एका कागदावर दिसलं तर माणूस चुकणार कसा? मास्तरांना हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, आपल्या वहीत बघावं आणि दुसऱ्याचं कानानं ऐकावं. दुसऱ्याची ओळ डोळ्यांनी दिसली की माणूस ऐकणं सोडतो. मी म्हटलं, मास्तर, जगात झेरॉक्स नावाची गोष्ट आलीय.

तीन वह्या मिळाल्या. ऑल्टोची वही मार्थामावशीकडे होती. मार्थामावशी कानाच्या एका डॉक्टरच्या दवाखान्यात आया होती आणि गेली वीस वर्षं ती वही प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवत होती. वही द्यायला ती तयार नव्हती. मी रडले, भांडले, मग ती म्हणाली, "वही एकटी कुठे जाणार नाही. मी येते संगं."

ती झेरॉक्सच्या दुकानात आली. वही स्वतः काचेवर ठेवली. झाकण लावू देईना. त्या उजेडानं शाई उडते असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून तिनं काच आणि पान यांच्या मधे हात ठेवला, जेवढी झाकता येईल तेवढी शाई झाकायला. दुकानवाला गुजरातीत समजावून थकला. शेवटी त्यानं तसंच बटण दाबलं.

प्रती सुरेख आल्या. पानापानावर मावशीची चार बोटं, नखांसकट, अंगठीसकट. पहिल्या पानावर दोन ओळी बोटांखाली गेल्या, दुसऱ्यावर तीन.

ऑल्टोच्या चौघींनी कुरकुर केली नाही. बोटांखालचं त्यांनी पाठ केलं. त्यानंतर सबंध गाण्यात ऑल्टो कधी चुकली नाही ती तेवढ्याच झाकलेल्या ओळींत.

*

दुसरी काळजी टेनरची. टेनर आमच्याकडे एकच, भास्करकाका. सोप्रानोतली एक आजारी पडली तर दोघी उरतात. भास्करकाकांचा घसा बसला तर गाण्याचा एक पायच जातो.

काका काम करायचे डाईंगच्या खात्यात. दिवसभर वाफ आणि रसायनांचा भपका. त्यात बर्फाच्या गोळ्याचा भयंकर नाद. त्यामुळे चाळीस दिवसांच्या उपासकाळात अख्खी क्वायर त्यांच्यावर पहारा ठेवून होती. गोळेवाल्याला मार्थामावशीनं बजावून ठेवलं होतं की हा माणूस आला तर गोळा द्यायचा नाही. गोळेवाल्याला वाटलं यांना साखरेचा आजार आहे. तो बिचारा भेटेल तेव्हा कारल्याचा रस प्यायचा सल्ला द्यायला लागला.

शिवाय काढे. आल्याचा एक घर देई, तुळशीचा दुसरं. दानियलकाकांच्या घरून मिऱ्यांचा यायचा, मल्याळी नर्स काहीतरी सुंठ-गुळाचं उकळून पाठवायची. भास्करकाका भिडस्त माणूस, कुणालाच नाही म्हणता येत नाही. सगळे प्यायले.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या पाच दिवस आधी, भास्करकाकांच्या घरून काकू धावत आल्या. काकांना सलाईन लावलंय.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा काका पोट धरून पडले होते. डॉक्टर म्हणाले, इतकं तिखट पोटात कसं गेलं? सगळ्यांच्या हातात डबे होते.

तेवढ्यात काकांनी डोळे उघडले आणि आम्हाला धीर द्यावा म्हणून एक लांबलचक वरचा सूर लावून दाखवला. स्वच्छ, खणखणीत. घसा इतका सुंदर कधीच लागला नव्हता.

*

घरी सराव करायचा म्हणजे वेगळीच तऱ्हा. आमच्या खोलीची भिंत सुमनकाकूंच्या खोलीला लागून. काकू अमळनेरकडच्या, घरात अहिराणी. या गाण्यात प्रत्येक आवाजाला मधे मधे गप्प राहावं लागतं. बाकीचे गात असतात, आपण मात्रा मोजायच्या. क्वायरमध्ये ते कळतं. घरी एकटीनं म्हटलं की मी एक ओळ गायचे आणि मग भिंतीकडे बघत उभी राहायचे, ओठ मिटून, बोटं मोजत. मग एकदम पुढची ओळ.

चार दिवस ऐकल्यावर काकूंनी आईला जिन्यात गाठलं. "तुनी पोर अर्धं गानं म्हनस आन मंग गप राहस. काय व्हयनं तिले?"

आईनं समजावलं की ते तसंच असतं, मधे दुसरे गातात. काकूंना ते पटलं की नाही देव जाणे, पण त्यांनी लक्ष ठेवायला सुरुवात केली. मी गायचे, थांबायचे, आणि पलीकडे सुपात तांदूळ पाखडण्याचा आवाज यायचा. सप्, सप्, सप्, सप्.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मी एका लांब जागी थांबले होते. बारा मात्रांची जागा. डोक्यात फादर, भोंगा, भास्करकाका असं सगळं भरलेलं. मोजणं कुठे सुटलं कळलंच नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून पाखडणं थांबलं आणि काकूंचा आवाज आला, "आते म्हन."

मी उचललं. बरोबर बाराव्या मात्रेला होतं.

*

भोंग्यावर आता भरवसा ठेवायचा नाही, हे मी मास्तरांकडून कबूल करून घेतलं होतं. सूर कुठून घ्यायचा, यावर तोडगा मार्थामावशीनं काढला. तिच्या दवाखान्यात कान तपासायचा फोर्क होता. दोन दांड्यांचा लोखंडी चिमटा. आपटला की ठरलेला सूर देतो. मी फिजिक्सवाली, मला एवढा आनंद झाला की डॉक्टरांना जाऊन भेटले. त्यांनी गुड फ्रायडेपर्यंत दिला.

सरावाला मी तो मास्तरांच्या हातात ठेवला. कसा धरायचा ते सांगायच्या आतच त्यांनी तो बाकावर आपटला, दोन्ही दांड्या चिमटीत घट्ट पकडल्या आणि देठ कानाशी नेला.

दांड्या पकडल्या की फोर्क मुका होतो. त्यातून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

मास्तर डोळे मिटून ऐकत होते. चांगलं अर्धं मिनिट ऐकलं. मग म्हणाले, "छान आहे. जरासा चढा लागतोय, पण चालेल."

मी तोंड उघडलं तर मार्थामावशीनं माझ्या पायावर पाय दिला.

बाहेर आल्यावर मी तिला धरलं. म्हटलं, मावशी, मास्तरांना ऐकू येत नाही. ती पायऱ्यांवर बसून चपलेचा पट्टा लावत होती. तिनं वरही बघितलं नाही. "तुला आज कळलं का? सात वर्षं झाली."

सात वर्षं! आणि एकानं तोंडातून काढलं नव्हतं. दानियलकाकांना माहीत, भास्करकाकांना माहीत, ऑल्टोच्या चौघींना माहीत. मी विचारलं, मग ते आमच्या चुका काढतात कशा? मावशी म्हणाली, तोंडाकडे बघून. मागांच्या आवाजात काम करणारी माणसं एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात; मास्तरांनी तर जन्मभर तेच केलं. श्वास कुणी लवकर घेतला, तोंड कुणी उशिरा उघडलं, सगळं त्यांना दिसतं.

घरी चालत येताना मला भोंग्याचं कोडं सुटलं. चर्चमध्ये पेटी पडून होती. सराव घ्यायच्या खोलीत कीबोर्डही होता. पण मास्तरांना सूर घ्यायला तीनचा भोंगाच का लागायचा, हे मला वर्षभर कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

*

माझी झोप उडाली. एक तर काढ्यांनी घायाळ झालेला टेनर, बोटांखालची ऑल्टो, आणि आता हे. ज्यांना ऐकू येत नाही ते गृहस्थ चार आवाज सांभाळणार आणि 'नाही थांबणार' असा शब्द मी देऊन बसलेली. मोठ्या माणसांची ही लपवालपवी मला सहन होईना. मी ठरवलं, स्पष्ट सांगायचं. मास्तर, यंदा तुम्ही बसा. हात मी दाखवते.

बुधवारी सायकल काढली आणि नवागामला त्यांच्या घरी गेले. वाटेत वाक्य शंभर वेळा म्हटलं. मास्तर दारात खुर्ची टाकून वहीच्या फाटक्या पानाला खळ लावत होते. मला बघून खूश झाले. आत मास्तरीणबाई, रत्नमालाकाकू, चहा ठेवत होत्या.

मास्तर समोर. माझ्या तोंडाकडे बघत, सरावात बघायचे तसेच.

मी उठले. कोपऱ्यातल्या माठाकडे गेले, पाणी घ्यायचं निमित्त करून. आणि मास्तरांकडे पाठ करून, भिंतीला तोंड करून म्हटलं, "मास्तर, यंदा हात मी दाखवू का?"

पाठीमागे काहीच हालचाल नाही. खळीचा ब्रश चालूच होता.

स्टोव्हचा आवाज बंद झाला. रत्नमालाकाकू दारात आल्या होत्या, हातात गाळणी. त्या हळूच म्हणाल्या, "सांगायचं तर त्यांच्याकडे बघून सांग, एस्तर. भिंतीला काय सांगतीस?"

मी पाणी प्यायले. चहा प्यायले. मास्तरांनी विचारलं, काही काम होतं का. मी मान हलवली, नाही म्हणून. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं की तिसऱ्या ओळीला मी श्वास फार लवकर घेते.

परत येताना सायकलवर स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की वाटेतल्या अख्ख्या दिंडोलीला ऐकू गेल्या असतील.

*

गुड फ्रायडे. एप्रिलचं ऊन, पत्रा तापलेला, पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. चर्च खच्चून भरलं होतं. भास्करकाका आले होते, पेजेवर जगत होते, पण आले होते. सूर यंदा फोर्कवरून मीच द्यायचा असं ठरलं होतं. तीनला भोंगा झाला. मास्तरांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही आणि गुड फ्रायडेला पहिल्यांदाच मी त्यांना 'आमेन' म्हणताना बघितलं.

क्रूस पुढे आणला गेला. रांग लागली. मी फोर्क गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, चारी आवाजांना सूर दिला. मास्तरांनी हात उचलला.

सुरुवात चांगली झाली. खरंच चांगली झाली. सोप्रानो, मागून ऑल्टो, मग भास्करकाका असे आत आले की माझ्या अंगावर काटा आला, आणि खालून बेसचे तिघे. कुणी घसरत नव्हतं. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं.

पण मी सगळा वेळ फादरांकडे बघत होते. ते क्रुसाशेजारी उभे होते, माणूस चुंबन घेऊन उठला की क्रूस पुसत होते, आणि त्यांचा चेहरा मला वाचता येत नव्हता. आवडतंय? मोजताहेत? कीबोर्डवाली मुलं कुठे बसलीत? भास्करकाका आता खोकले का?

तिसऱ्या पानावर एक जागा आहे. तिथे बाकी तिन्ही आवाज थांबतात आणि नवी ओळ सोप्रानोनं एकटीनं उचलायची असते. सोप्रानो म्हणजे मी. बाकीच्या दोघी माझ्या तोंडाकडे बघून गातात.

तिन्ही आवाज थांबले. आणि मी फादरांकडे बघत होते.

काही नाही. चर्चमध्ये काही म्हणजे काही नाही. पंख्यांची घरघर तेवढी. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. कोणती ओळ, कोणता सूर, सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं. वर्षभर मी म्हाताऱ्यांच्या चुका मोजत होते, आणि थांबले ते मी.

रांग थांबली. क्रुसापाशी वाकलेली एक म्हातारी वाकलेलीच राहिली. फादरांनी मान वर केली. मार्थामावशीनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं. गेल्या सगळ्या वर्षांचं आता झालं.

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांचेही डोळे मिटलेले होते. आणि हात चालू होता.

वर, खाली. वर, खाली. तसाच, जराही घाई नाही, जणू खाली चारी आवाज वाहत आहेत. त्या शांततेत एका म्हाताऱ्या जॉबरचा हात हवेत फिरत होता आणि अख्खं चर्च त्याच्याकडे बघत होतं. कुणी हसलं नाही.

मग तो हात डावीकडे वळला, बेसकडे. दानियलकाकांनी गाताना जन्मात कुणाचं ऐकलेलं नाही, ते फक्त हाताकडे बघतात. हात आला, त्यांनी उचललं. इतक्या खालून, इतकं गंभीर की बाक हलल्यासारखे वाटले. त्यांच्यावर भास्करकाका आले, त्यांच्यावर ऑल्टो, आणि मास्तरांचा हात माझ्याकडे वळेपर्यंत माझा सूर मला सापडला होता. रांग पुन्हा चालायला लागली. आम्ही शेवटापर्यंत गेलो.

उपासना संपल्यावर मी आतल्या खोलीत वह्या गोळा करत होते. करत काय होते, लपून बसले होते. मास्तर शेजारी आपली वही घेऊन बसले होते. दारात फादर आले. मी मनात वाक्य तयार केलं: चूक माझी होती, मास्तरांची नाही.

फादर सरळ मास्तरांपुढे जाऊन उभे राहिले. त्यांचे डोळे लाल होते.

"मास्तर, बीच में वो जो शांति रखी थी आपने... मैंने ऐसा कभी सुना नहीं. किसका आइडिया था?"

मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, फार नाही, एक क्षण. वही मिटली.

"तीच तर सगळ्यात अवघड जागा आहे, फादर," ते म्हणाले. "आज पोरांनी घाई केली. दोन मात्रा कमी पडल्या. पुढच्या वर्षी पुऱ्या करून घेतो."